नाव-गाव विचारा, पण नीट विचारा: सी प्रोग्रॅममधून ऑपरेटिंग सिस्टीमची माहिती कशी काढायची

काही वर्षांपूर्वी आमच्या एका छोट्या विंडोज प्रोग्रॅमच्या लॉगमध्ये जवळजवळ प्रत्येक ग्राहक ६.२ या व्हर्जनवर दिसायला लागला. ६.२ म्हणजे विंडोज ८. फोन केला की समोरचे म्हणायचे, "अहो, माझ्याकडे दहा आहे, कालच अपडेट झालंय." दोन दिवस आम्ही ग्राहकांनाच वेड्यात काढलं. तिसऱ्या दिवशी कळलं की लोक खरं बोलत होते आणि ऑपरेटिंग सिस्टीम आम्हाला जाणूनबुजून वेगळं सांगत होती. त्यात खोडसाळपणा नव्हता. आमच्यासारख्यांनी लिहिलेला जुना कोड कोसळू नये, एवढीच तिची काळजी.

तेव्हापासून कुणी नवीन शिकायला आलं की मी आधी प्रश्न ठरवायला लावतो, फंक्शन नंतर. "सिस्टीम कुठली आहे?" हा एक प्रश्न दिसतो, पण त्यात चार लपलेले असतात. कर्नल (म्हणजे सिस्टीमचा सगळ्यात आतला, यंत्राशी थेट बोलणारा भाग) कुठला? त्यावर बसवलेली डिस्ट्रो (उबुंटू, फेडोरासारखा लिनक्सचा तयार संच) किंवा आवृत्ती कुठली? यंत्र कुठल्या जातीचं, किती बिटांचं? आणि यातलं माझ्या प्रोग्रॅमच्या वाट्याला किती आलंय? प्रत्येकाचं उत्तर वेगळ्या खिडकीवर मिळतं. सातबारा तलाठ्याकडे असतो, ग्रामपंचायतीत जाऊन मागितला तर हात हलवत परत यावं लागतं.

या लेखात आपण सी भाषेत एक छोटा प्रोग्रॅम पायरीपायरीने उभा करू. त्याचं नाव 'माहिती' ठेवू. फंक्शनांची आणि फाइलींची नावं मी उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहितोय. टाइप करताना ती अर्थातच रोमन लिपीत येतील, आणि जिथे स्पेलिंगमध्ये फसायला होतं तिथे सांगेन. पायथॉनमध्ये हेच काम एका ओळीत होतं हे खरं, पण ती ओळही खाली जाऊन याच दारांवर टकटक करते.

तयारी

विंडोजचा लॅपटॉप असेल तर डब्ल्यूएसएल, म्हणजे विंडोजच्या आत लिनक्स चालवायची सोय, बसवून घ्या. अॅडमिनिस्ट्रेटर म्हणून कमांड विंडो उघडून 'डब्ल्यूएसएल --इन्स्टॉल' दिलं की उबुंटू येतं. फायदा असा की एकाच यंत्रावर लिनक्स आणि विंडोज दोन्हीकडचा कोड चालवून उत्तरं शेजारी शेजारी ठेवता येतात, आणि पुढे बघाल, त्यातली तफावतच जास्त शिकवते. उबुंटूत 'बिल्ड-इसेन्शियल' हे पॅकेज टाकलं की जीसीसी कंपाइलर मिळतो. कंपाइल करताना '-वॉल' हा पर्याय (पहिला डब्ल्यू मोठा) रोज द्या. वॉर्निंग न वाचता पुढे जायची सवय सीमध्ये महागात पडते.

पहिली पायरी: यूनेम

लिनक्सवर सुरुवात 'यूनेम' या फंक्शनने करायची. हेडर 'सिस/यूटीएसनेम.एच'. 'स्ट्रक्ट यूटीएसनेम' या प्रकारचं एक व्हेरिएबल जाहीर करा, त्याचा पत्ता यूनेमला द्या, आणि परत आलेली किंमत तपासा. उणे एक आली तर काम फसलं. तपासणीची ती ओळ गाळू नका. यूनेम सहसा फसत नाही, पण पुढची फंक्शनं फसतात आणि हाताला वळण इथेच लागायला हवं.

स्ट्रक्चरमध्ये पाच खाने भरून येतात. 'सिसनेम'मध्ये लिनक्स एवढंच. 'नोडनेम'मध्ये यंत्राचं नाव. 'रिलीज'मध्ये ६.८.०-४५-जेनेरिक असं काहीतरी. 'व्हर्जन'मध्ये कर्नल कितव्यांदा आणि कधी बांधला त्याची नोंद. 'मशीन'मध्ये एक्स८६_६४ किंवा एआर्च६४.

नवखा माणूस हमखास 'व्हर्जन' हा खाना उचलतो, कारण त्याला व्हर्जन हवं असतं. तिथे मिळतो हॅशच्या चिन्हाने सुरू होणारा बिल्ड क्रमांक आणि तारीख. कर्नलचा खरा आकडा 'रिलीज'मध्ये आहे. नावं अशी का ठेवली त्यावर वाद घालण्यात अर्थ नाही, ती युनिक्सच्या जुन्या काळापासून चालत आली आहेत.

आणि रिलीजमधला ६.८ हा कर्नलचा आकडा आहे, उबुंटूचा नाही. डब्ल्यूएसएलमध्ये चालवलंत तर त्याच खान्यात 'मायक्रोसॉफ्ट' हा शब्दही दिसेल, कारण तो कर्नल मायक्रोसॉफ्टने बांधलेला असतो. उबुंटू कुठलं, हे यूनेमला माहीतच नसतं.

दुसरी पायरी: ओएस-रिलीज

डिस्ट्रोचं नाव-गाव '/ईटीसी/ओएस-रिलीज' या साध्या मजकुराच्या फाइलीत असतं. पूर्वी प्रत्येक डिस्ट्रोची फाइल निराळी होती, रेडहॅटची एक, डेबियनची दुसरी. २०१२ च्या सुमारास सिस्टीमडीवाल्यांनी (लिनक्स सुरू होताना सगळ्या सेवा उभ्या करणारा प्रोग्रॅम बनवणाऱ्यांनी) ही एकच फाइल रूढ केली आणि बऱ्याच जणांचा त्रास वाचला. ती सापडली नाही तर '/यूएसआर/लिब/ओएस-रिलीज' बघायची, हा क्रम ठरलेला आहे.

फाइलीत एका ओळीवर एक जोडी असते: डावीकडे कळ, मग बरोबरचं चिन्ह, उजवीकडे किंमत. किंमत कधी दुहेरी अवतरणात, कधी एकेरी, कधी उघडीच. हॅशने सुरू होणारी ओळ म्हणजे टिप्पणी, ती सोडून द्यायची. आपल्याला तीन कळा पुरतात: 'आयडी' (उबुंटू, डेबियन, फेडोरा असं रोमन लिपीतल्या लहान अक्षरांतलं नाव), 'व्हर्जन_आयडी' (उदाहरणार्थ २४.०४) आणि 'प्रेटी_नेम' (माणसाला दाखवायचं पूर्ण नाव).

आता जवळून बघू, कारण इथे मी दरवर्षी कुणाला तरी अडकलेलं पाहतो. फाइल 'एफओपन'ने उघडली, 'एफगेट्स'ने ओळ वाचली, आणि ओळीत 'आयडी=' आहे का हे 'स्ट्रस्ट्र'ने शोधलं. उबुंटूवर छापून काय आलं? २२.०४. डिस्ट्रोचं नाव २२.०४! झालं असं की 'व्हर्जन_आयडी=' या कळीच्या पोटातही 'आयडी=' आहे, आणि उबुंटूच्या फाइलीत ती ओळ आधी येते. 'नेम=' शोधायला जाल तर 'प्रेटी_नेम=' गळाला लागेल. उपाय सोपा: 'स्ट्रस्ट्र' सोडा आणि 'स्ट्रएनकम्प'ने ओळीची पहिली तीन अक्षरंच ताडून बघा. कळ ओळीच्या आरंभीच असते.

मग शेपटीची नवी ओळ कापायची, दोन्ही बाजूंची अवतरणं काढायची. व्हर्जन_आयडी नसेल तरी प्रोग्रॅम कोसळता कामा नये. आर्चसारख्या सतत बदलत राहणाऱ्या डिस्ट्रोत ही कळच नसते आणि त्यात काही चुकलेलंही नसतं.

यूनेम आणि ओएस-रिलीज यांतला फरक डोळ्यांनी बघायचा असेल तर उबुंटूवर डॉकरमध्ये अल्पाइन या छोट्या डिस्ट्रोचा कंटेनर (प्रोग्रॅमसाठी वेगळी केलेली बंदिस्त जागा) चालवा आणि आपला 'माहिती' प्रोग्रॅम आत टाका. टाकण्याआधी स्टॅटिक पद्धतीने, म्हणजे लागणारी लायब्ररी प्रोग्रॅममध्येच घालून, बांधा, नाहीतर अल्पाइनची सी लायब्ररी वेगळी असल्यामुळे तो सुरूच होणार नाही. यूनेम बाहेरच्या उबुंटूचा कर्नल सांगेल, ओएस-रिलीज आतलं अल्पाइन सांगेल. दोघंही खरं बोलतायत. कंटेनरला स्वतःचा कर्नल नसतो, तो घरमालकाचाच वापरतो.

तिसरी पायरी: मेमरी आणि वेळ

'सिस/सिसइन्फो.एच' हे हेडर घ्या आणि 'सिसइन्फो' बोलवा. यंत्र किती सेकंद चालू आहे, एकूण मेमरी, मोकळी मेमरी, चालू प्रक्रिया, सगळं एका फटक्यात मिळतं. दोन गोष्टी सांभाळा. पहिली, मेमरीचे आकडे 'मेम_युनिट' या खान्याने गुणायचे असतात. बहुतेक ६४ बिट यंत्रांवर तो एक असतो, म्हणून लोक गुणत नाहीत आणि तरीही बरोबर येतं. मग एखाद्या दिवशी दुसऱ्याच यंत्रावर चुकतं. दुसरी, सरासरी भाराचे तीन आकडे ६५५३६ पटीत येतात, त्यांना तेवढ्याने भागायचं.

'फ्रीरॅम' बघून घाबरू नका. १६ जीबीच्या यंत्रावर तो अर्धा जीबीही दिसेल, कारण रिकामी पडलेली मेमरी लिनक्स फाइलींच्या कॅशसाठी वापरून टाकतो आणि गरज लागली की परत देतो. खरोखर हाताशी किती आहे ते '/प्रॉक/मेमइन्फो' मधल्या 'मेमअव्हेलेबल' या ओळीत असतं. ती ओळ कर्नल ३.१४ पासून आहे. आकड्यापुढे केबी लिहिलेलं असतं, पण तिथला एक केबी म्हणजे १०२४ बाइट.

/प्रॉकमधल्या फाइली डिस्कवर नसतातच, वाचायला गेलात की कर्नल त्या क्षणी मजकूर तयार करतो. त्यामुळे त्यांचा आकार शून्य दिसतो. आधी फाइलीचा आकार काढा, तेवढी जागा 'मॅलॉक'ने घ्या, मग वाचा, ही पुस्तकात शिकलेली पद्धत इथे शून्य बाइट वाचून समाधानाने परत येते, एररही देत नाही. इथे ओळ ओळ करत शेवटापर्यंत वाचत जायचं.

डब्ल्यूएसएलमध्ये एकूण मेमरी यंत्राच्या साधारण निम्मीच दिसली तर रॅमची पट्टी काढून बघायला जाऊ नका. विंडोज त्या आभासी यंत्राला मुळातच निम्मी मेमरी देतं. तुम्ही विचारलंत "यंत्रात किती?", उत्तर आलं "तुझ्या वाट्याला किती". प्रोसेसरचंही असंच आहे. 'टास्कसेट' कमांडने एका प्रोग्रॅमला प्रोसेसरचा एकच गाभा (कोअर) बांधून दिला तरी यंत्रात आठ असतातच. किती थ्रेड सुरू करायचे हे ठरवायचं असेल तर 'शेड_गेटअॅफिनिटी'ला विचारा, ते तुमच्या वाट्याचे सांगतं.

चौथी पायरी: विंडोज

आता माझ्या त्या ६.२ च्या गोष्टीकडे.

विंडोजमध्ये व्हर्जन विचारायचं जुनं फंक्शन 'गेटव्हर्जनईएक्स'. इंटरनेटवर आणि जुन्या पुस्तकांत तेच सापडतं. विंडोज ८.१ पासून त्याची वागणूक बदलली. तुमच्या प्रोग्रॅमच्या मॅनिफेस्टमध्ये, म्हणजे प्रोग्रॅमसोबत जाणाऱ्या त्याच्या माहितीपत्रकात, "मला ८.१ माहीत आहे", "मला १० माहीत आहे" असं त्या त्या आवृत्तीच्या ठरलेल्या ओळखक्रमांकाने लिहिलेलं नसेल, तर ते फंक्शन ६.२ सांगून मोकळं होतं. आमचा प्रोग्रॅम विंडोज ७ च्या काळातला, मॅनिफेस्टमध्ये त्यापुढचं काहीच नाही. म्हणून सगळे ग्राहक आठवर.

हे असं का करावं लागलं, ते समजलं तर तुमच्या हातून तीच चूक होणार नाही. व्हर्जनचे दोन आकडे असतात, मोठा आणि छोटा. विंडोज एक्सपी ५.१, व्हिस्टा ६.०, सात ६.१, आठ ६.२, ८.१ म्हणजे ६.३, आणि दहा थेट १०.०. आता कुणीतरी लिहिलं: मोठा आकडा निदान पाच आणि छोटा निदान एक असेल तर "एक्सपी किंवा नंतरचं" समज. एक्सपीवर बरोबर चाललं. व्हिस्टा आलं ६.०, छोटा आकडा शून्य, आणि प्रोग्रॅम म्हणाला "तुमची विंडोज फार जुनी आहे". असा कोड जगभर पसरलेला होता. शेवटी सिस्टीमनेच जुन्या प्रोग्रॅमांना त्यांच्या ओळखीचा आकडा सांगायचं ठरवलं.

बरोबर तुलना अशी: मोठा आकडा हव्या त्या आकड्यापेक्षा जास्त असेल तर काम झालं, छोट्याकडे बघायचंच नाही. दोन्ही मोठे आकडे सारखे असतील तरच छोटा तपासायचा. स्ट्रिंग म्हणून तुलना करायचा मोहही नको, कारण अक्षरांच्या क्रमात १०.० हे ६.२ च्या आधी येतं. दशांश म्हणून वाचाल तर २२.१० चं २२.१ होईल.

खरा आकडा हवा असेल तर 'आरटीएलगेटव्हर्जन' वापरा. ते 'एनटीडीएलएल' या लायब्ररीत आहे आणि मॅनिफेस्टची पर्वा करत नाही. ही लायब्ररी प्रत्येक प्रक्रियेत आधीच लोड झालेली असते, म्हणून 'गेटमॉड्यूलहँडल'ने तिचा हँडल घ्या, 'गेटप्रॉकअॅड्रेस'ने फंक्शनचा पत्ता काढा, आणि योग्य प्रकारच्या फंक्शन पॉइंटरमध्ये ठेवा. पॉइंटरच्या प्रकारात 'विनएपीआय' लिहायला विसरू नका. ६४ बिटांत विसरलात तरी खपून जातं, ३२ बिटांत स्टॅकचा बोजवारा उडतो. पत्ता 'नल' नाही ना ते बघा. मग उत्तर भरून घ्यायचं 'आरटीएल_ओएसव्हर्जनइन्फोडब्ल्यू' हे स्ट्रक्चर शून्याने भरा, त्याच्या पहिल्या खान्यात त्याचाच 'साइझऑफ' टाका आणि फंक्शन बोलवा. शून्य परत आलं की काम झालं.

स्ट्रक्चरमध्ये त्याचाच आकार आधी भरून द्यायची ही पद्धत विंडोजमध्ये जागोजागी भेटते. मेमरीसाठीच्या 'ग्लोबलमेमरीस्टेटसईएक्स'लाही तसंच लागतं. आकार भरला नाही तर फंक्शन नुसतं नकार देतं आणि परतीची किंमत न तपासणारा बिचारा "माझ्या यंत्रात शून्य जीबी मेमरी कशी?" असं विचारत फिरतो.

यानंतरही एक गंमत राहतेच. ऑक्टोबर २०२१ मध्ये आलेलं विंडोज ११ आतून स्वतःला १०.० च म्हणवतं. ओळखायचं बिल्ड क्रमांकावरून: २२००० किंवा जास्त असेल तर अकरा. सर्व्हर आवृत्त्यांना हा नियम लागू नाही, म्हणून यंत्र सर्व्हर नाही ना ते आधी बघा. आरटीएलगेटव्हर्जनला दिलेल्या स्ट्रक्चरच्या मोठ्या, 'ईएक्स' असलेल्या रूपातला 'प्रॉडक्टटाइप' हा खाना ते सांगतो. रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या सेटिंगांच्या साठ्यात, 'प्रॉडक्टनेम' नावाची किंमत असते, ती वाचून नाव दाखवू असं वाटेल, पण अकरावरही तिथे विंडोज १० च लिहिलेलं सापडतं. रजिस्ट्रीतून घ्यायचंच तर 'डिस्प्लेव्हर्जन' घ्या, त्यात २३एच२ असं काहीसं मिळतं.

यंत्राची जात विचारताना 'गेटसिस्टीमइन्फो' आणि 'गेटनेटिव्हसिस्टीमइन्फो' ही जुळी भावंडं समोर येतात. तुमचा प्रोग्रॅम ३२ बिटांचा आणि विंडोज ६४ बिटांचं असेल तर पहिलं फंक्शन ३२ बिट सांगतं, दुसरं खरं यंत्र. आणि यंत्र किती वेळ चालू आहे हे काढायला 'गेटटिककाउंट६४' घ्या. त्याचा शेवटचा ६४ नसलेला जुना भाऊ ४९.७ दिवसांनी पुन्हा शून्यावर येतो. मिलिसेकंद ३२ बिटांत मावेनासे होतात, एवढंच कारण.

मराठी माणसाने एक गोष्ट आवर्जून तपासावी. विंडोजच्या बहुतेक फंक्शनांची दोन रूपं असतात, शेवटी मोठा ए असलेलं आणि मोठा डब्ल्यू असलेलं. वापरणाऱ्याचं नाव 'गेटयूजरनेम'च्या ए रूपाने काढलंत आणि त्या व्यक्तीने खातं देवनागरीत 'सुनीता' या नावाने उघडलेलं असेल, तर हातात प्रश्नचिन्हांची रांग पडते. ए रूप जुन्या कोडपेजवर (एका लिपीपुरत्या अक्षरांच्या ठरलेल्या यादीवर) चालतं आणि देवनागरीसाठी विंडोजमध्ये तसं कोडपेजच नाही. डब्ल्यू रूप वापरा, वाइड अक्षरांचा बफर द्या. स्वतःच्या यंत्रावर मराठी नावाचं एक खातं उघडून प्रोग्रॅम चालवून बघा. इंग्रजी नावावर वर्षानुवर्षं नीट चाललेला कोड तिथे पाच मिनिटांत उघडा पडतो.

मॅकवाल्यांसाठी थोडक्यात

मॅकवर 'सिसकंट्रोलबायनेम' (स्पेलिंगमध्ये एस-वाय-एस-सी-टी-एल, पुढे बायनेम) एवढं एक फंक्शन शिकलं तरी बरंच भागतं. त्याला 'कर्न.ओएसप्रॉडक्टव्हर्जन' किंवा 'एचडब्ल्यू.मेमसाइझ' असं नाव द्यायचं. स्ट्रिंग हवी असेल तर दोनदा बोलवायचं: पहिल्यांदा बफरच्या जागी नल देऊन लांबी विचारायची, मग तेवढी जागा घेऊन पुन्हा. मेमसाइझ मात्र ६४ बिटांचा पूर्णांक आहे, साधा 'इंट' दिलात तर मावणार नाही आणि एरर येईल. इथेही जुन्यांना सांभाळून घेण्याचा प्रकार आहेच: बिग सर (मॅकओएस ११) आलं तेव्हा जुन्या एसडीकेने (प्रोग्रॅम बांधायच्या साधनसंचाने) बांधलेल्या प्रोग्रॅमांना ११ ऐवजी १०.१६ सांगितलं जायचं.

शेवटची पायरी: खोटं उत्तर मुद्दाम मागवा

प्रोग्रॅम तयार झाला की त्याला फसवून बघा. लिनक्सवर याची सोय कर्नलनेच करून ठेवली आहे. २०११ मध्ये लायनस टॉरव्हाल्ड्सने २.६.३९ नंतरच्या कर्नलला थेट ३.० म्हटलं, आणि सुरुवातीला २.६ असणारच असं धरून लिहिलेले प्रोग्रॅम अडखळले. म्हणून कर्नलमध्ये एक पळवाट ठेवली गेली: प्रोग्रॅमला हवं असेल तर त्याला २.६ चाच आकडा सांगायचा.

'सेटआर्च एक्स८६_६४ --यूनेम-२.६' असं लिहून पुढे आपल्या प्रोग्रॅमचा मार्ग द्या. ज्या यंत्रावर मघाशी ६.८.०-४५-जेनेरिक छापलं गेलं, तिथे आता २.६.६८-४५-जेनेरिक येईल. कर्नल तोच, यंत्र तेच. ओएस-रिलीजची ओळ जशीच्या तशी. मेमरी आणि चालू वेळेचे आकडे बदलण्याचं कारण नाही. तुमच्या कोडमध्ये कुठे "कर्नल ३ पेक्षा जुना असेल तर बंद पड" अशी अट असेल, तर प्रोग्रॅम इथेच बंद पडेल. त्या अटीजवळ जा आणि तिथे नेमकं काय हवं होतं ते आठवा. बहुतेक वेळा एखादं सिस्टीम कॉल, म्हणजे कर्नलकडून करून घ्यायचं काम, हवं असतं. मग ते सरळ बोलवून बघा, आणि 'ईनोसिस' (हे कॉल या कर्नलमध्ये नाही) ही एरर आली तरच जुन्या वाटेने जा. आकडा विचारायची गरजच उरत नाही, तो फक्त लॉगमध्ये छापायला ठेवा.